अल रुवैसच्या बायकांचे फोटो

अम्मा,

परवा मी अल रुवैसला जाऊन आले. धाकट्या मुलाने गाडी काढली. दोह्यातल्या बिन महमूदच्या घरून निघालो आणि माझं एक मोसंबं सोलून खाऊन होतंय तोवर रुवैसचा समुद्र दिसायला लागला. तू असतीस तर म्हणाली असतीस, ‘इतक्यात? मंग तवा आपण कुटं फिरत होतो गो?’ तेव्हा आपण खरंच फिरतच होतो. रस्ता असा नव्हताच. वाळूत आधीच्या गाड्यांच्या चाकोऱ्या असायच्या, वारा सुटला की त्याही जायच्या. बाबा पुढे ड्रायव्हरशेजारी, कॅमेऱ्याची पेटी तान्ह्या पोरासारखी मांडीवर घेऊन. आपण दोघी मागे हौद्यात, गाठोड्यांना टेकून. तुझ्या अंगात गावची साडी, वरून शेजारणीने दिलेला काळा अबाया, आणि गाडीने धक्का दिला की ‘या अल्ला’. मला मात्र मजा वाटत होती. बारा वर्षांच्या पोरीला वाटायचीच.

त्याच्या काही दिवस आधीही मी एकदा तिथे गेले होते, फोटो बघायला. तिथल्या शाळेतल्या शिक्षिकांनी मिळून गावाच्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरवलंय. बाबांच्या निगेटिव्हचा पत्र्याचा डबा इतकी वर्षं माझ्या कपाटात होता, तो मी त्यांना देऊन टाकला. मुलांना त्याचं काय! त्यांनी त्यातून भिंतभर मोठे फोटो करून लावलेत. मशीद आहे, मासळीचा धक्का आहे, पोलिसांची चौकी, विहीर, भरतीच्या पाण्यावर डुलणारे पडाव. आणि घराघरातले बापे, ओळीने बसलेले, गुडघ्यांवर हात ठेवून, कोणी मेल्यासारखे गंभीर. म्हातारी माणसं काठ्या टेकत येत होती आणि फोटोवर बोट ठेवून हा माझा चुलता, हा माझा बाप असं सांगत होती. एका शिक्षिकेने मला विचारलं, ‘आमच्या गावात तेव्हा बायका नव्हत्या का?’ हसून विचारलं, पण विचारलं. तेव्हापासून तू डोक्यातून हटत नाहीस, म्हणून हे लिहायला बसले.

आपण बाबांच्या मागून दोह्याला आलो तेव्हा तू पहिले काही महिने रडलीस, ते मला आठवतं. बोटीतून छोट्या होडीत उतरलो, होडीतून धक्क्यावर, आणि तू चारी बाजूंना बघून म्हणालीस, ‘झाड कुटं हाय?’ बाबांनी बाजारातल्या एका बोळात स्टुडिओ टाकला होता. मागच्या भिंतीवर त्यांनी स्वतः रंगवलेला पडदा: दोन नारळ, एक डोंगर, आणि ज्याला ते रत्नागिरीचा किल्ला म्हणायचे तो किल्ला. तेलाच्या कंपनीत कामाला लागणारे लोक पाससाठी फोटो काढायला यायचे आणि जाताना एक त्या नारळांपुढे उभं राहूनही काढून घ्यायचे. घर स्टुडिओच्या मागेच, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. तू शेजारच्या बायकांकडून भाषा शिकलीस ती चुलीपाशी. त्यामुळे तुला पीठ, मीठ, धुणं, बाळंतपण सगळं अरबीत बोलता यायचं. बाकीचं तू आपल्या बोलीत बोलायचीस आणि शेवटी ‘खलास’ लावायचीस. त्यांना कळायचं. कसं कळायचं देव जाणे.

मग एक दिवस रुवैसचा नाखवा आला. उंच, उन्हाने करपलेला, मुंबईच्या फेऱ्या करून हिंदी शिकलेला. त्याने बाबांना सांगितलं की त्याचे भाऊ, पुतणे सगळे आता तेलाच्या कामावर निघालेत, कोणी दुखानला, कोणी दोह्याला. पुन्हा एका छपराखाली कधी येतील कोण जाणे, तेव्हा एकदा सगळ्यांचा एकत्र फोटो काढा. आणि मशिदीचा काढा, धक्क्याचा काढा, माझ्या पडावाचा काढा. बाबा इतके खूश झाले की त्यांनी आपल्यालाही बरोबर न्यायचं ठरवलं. तू नको म्हणत होतीस. नाखवाच म्हणाला, ‘घरात बायका आहेत, तुमच्या बायकोला करमेल.’

दोन दिवस बाबा गावभर फिरले. त्यांना गावाने अगदी डोक्यावर घेतलं होतं. आपण आत, नाखवाच्या आईजवळ. तिचं वय तिलाही ठाऊक नव्हतं. हातापायांवर निळं गोंदण, दात दोन किंवा तीन. ती झरोक्यातून बघत बसायची, बाबा कुठे उभे राहतात, कशाकडे कॅमेरा धरतात. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर ती मोठ्याने म्हणाली, सगळ्या घराला ऐकू जाईल असं, ‘मशिदीचा काढला. विहिरीचा काढला. त्या पडावाचा तर तीनदा काढला. मी काय पाप केलंय?’

बायका हसल्या, पण मग कोणी हसेना. कारण सगळ्यांच्याच मनात तेच होतं, हे एकमेकींकडे बघून त्यांना कळलं. त्यांचेही मुलगे जाणार होते, नवरे जाणार होते. त्यांच्या खिशात भावांचे फोटो असणार होते, आईचा नाही. परक्या पुरुषासमोर बसायचं तर नाव नको. म्हातारीने तुझ्याकडे बघितलं. तू भाकरी मोडत होतीस. ‘तुझ्या नवऱ्याचं यंत्र तुला चालवता येतं का?’

तू म्हणालीस, ‘नाय.’ मग हातातली भाकरी खाली ठेवून म्हणालीस, ‘पण शिकंन.’

तू हे का म्हणालीस ते मी तुला पुढे कितीदा विचारलं. ‘तोंडातून गेला,’ एवढंच सांगायचीस.

बाबांनी तुला अंगणाच्या भिंतीआड शिकवलं. तो वरून खाली बघायचा कॅमेरा होता, आत काचेवर चित्र दिसायचं आणि ते उलट्या बाजूला सरकायचं. तू उजवीकडे वळलीस की चित्र डावीकडे पळायचं, आणि तू कॅमेऱ्यावर ओरडायचीस, ‘अरे, इकडं ये की!’ बाबा हसून हसून खाली बसले. तुझं हसणं मी दोह्यात आल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. पण शिकलीस झटकन. सावली, उजेड, अंतर हे तुला उन्हातलं वाळवण राखताना कळलेलं होतं, असं बाबा म्हणायचे. मला त्यांचं म्हणणं पटत नाही. तुझी नजरच तशी होती.

फोटो काढायला बसायच्या आधी म्हातारीने मुद्द्याचं विचारलं. ‘हे कागदावर येतं कसं? धुणार कोण?’ तू म्हणालीस, ‘माजा मालक.’ ती उठलीच. म्हणाली, मग उपयोग काय? काढताना तू आणि धुताना तो, म्हणजे बघणार तोच ना आधी! तू माझ्याकडे बघितलंस, मग दाराकडे, आणि म्हणालीस, ‘ते बी मी करंन. त्यांनी बघितला तर माज्या हाताचं पानी पिऊ नका.’ मग बायका सोन्याचे हार काढायला आत पळाल्या. बुरखे उतरले, मेंदीचे हात पुढे आले. मी सगळ्यांच्या वेण्यांचे पेड पुढे आणून ठेवत होते, तू सांगशील तसे.

दोह्याला परतल्यावर आपलं स्वयंपाकघर गेलं. खिडकीला घोंगडी, दाराच्या फटींना चिंध्या, परातीत औषधं. बाबा दाराबाहेर पाटावर बसायचे आणि आतल्या तुला सांगायचे. एकदाही आत आले नाहीत. फिल्म औषधात किती वेळ हलवायची हे अंधारात घड्याळ बघून कळणार नाही, म्हणून ते बाहेरून पाढे म्हणायचे. ‘सतराचा संपला की काढ. घाई करू नको, मी सावकाश म्हणतो.’ सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. आतून तू, ‘झाला काय?’ बाहेरून ते, ‘अजून पंचवीसाचा हाय.’ माझे पाढे असे पाठ झाले, शाळेत नाही.

पण पहिला रोल गेला. उन्हाळा होता, नळाचं पाणी चहा करावा इतकं गरम, आणि फिल्मवरचा थर सुटून पाण्यात आला. तू दिवा लावलास तेव्हा परातीत काळपट साय तरंगत होती. बाबांच्या ध्यानातच आलं नव्हतं, ते स्वतः नेहमी बर्फ घालायचे आणि सवयीची गोष्ट सांगायला विसरले. तू परात तशीच हातात धरून बाहेर आलीस. रडली नाहीस. म्हणालीस, ‘त्यांची तोंडं गेली. आता मी त्यांना काय सांगू?’ बाबा म्हणाले, सांगू की फोटो बरे आले नाहीत. तू म्हणालीस, ‘जाऊन सांगायला लागंल.’

आणि गेलीस. बाबांनी पुन्हा गाडी ठरवली, पुन्हा चाकोऱ्या, पुन्हा ‘या अल्ला’. इतक्या बायकांनी विश्वासाने तोंड दाखवलं आणि तू त्यांना सांगणार की ते पाण्यात विरघळलं. तू ओसरीवर बसून, डोळे खाली घालून, एका दमात सांगितलंस. उन्हाळा, पाणी, सगळं. म्हातारी ऐकत राहिली. मग म्हणाली, ‘तुझ्या नवऱ्याने बघितलं?’ तू म्हणालीस, नाही. ‘कोणीच नाही बघितलं?’ कोणीच नाही. तेव्हा ती अशी हसली की तिचे ते दोन-तीन दात सगळे दिसले. ‘मग झालं काय बिघडलं? यल्ला, बसा परत. मागच्या वेळी माझा हार वाकडा होता.’

या वेळी दोह्याला परतल्यावर तू गोणपाटात गुंडाळलेला बर्फ आणून पाणी थंड केलंस. सतराचा पाढा, पंचवीसाचा पाढा. हळूहळू काळ्या-पांढऱ्या बायका कागदावर वर यायला लागल्या, आणि तू मला आत बोलावलंस. लाल दिव्यात म्हातारीचा चेहरा पाण्याखालून वर येत होता. तू माझा दंड घट्ट धरलास. बाहेरून बाबांनी विचारलं, ‘कसे आले गो?’ तू म्हणालीस, ‘तुमाला काय करायचाय!’ आणि ते इतके मोठ्याने हसले की शेजारीण बघायला आली.

फोटो आणि निगेटिव्ह दोन्ही तू त्यांच्या हातात दिलंस. आपल्याकडे एकही ठेवला नाहीस. तो तुझा नेम झाला आणि त्यावरच तुझं नाव झालं. अल रय्यानच्या घरांतून बोलावणी यायला लागली, मग दोह्याच्या. लग्नं, बारशी, हजला निघालेल्या आज्या. बाबांचा स्टुडिओ पुढच्या दारी आणि तुझा मागच्या दारी.

त्या व्यापाऱ्याचं तुला आठवत असेलच. स्टुडिओचा परवाना ज्याच्या नावावर होता तो. माणूस वाईट नव्हता, बाबांना ईदला बकरा पाठवायचा. त्याच्या बहिणींनी कुठल्याशा लग्नात रुवैसच्या एका मुलीचा फोटो बघितला होता, तू काढलेला. तो आला आणि दारात उभ्या उभ्या बाबांना म्हणाला, ‘माझ्या मुलासाठी बघतोय. त्या मुलीचा फोटो तुमच्याकडे असेलच. एकदा दाखवा, परत देतो.’ बाबा म्हणाले, विचारून सांगतो. तो म्हणाला, ‘विचारायचं काय त्यात? दुकान तुमचं चालू राहावं असं मलाही वाटतं.’ हसत म्हणाला, पण बाबांचा चेहरा उतरला.

आत येऊन त्यांनी तुला सांगितलं. निगेटिव्ह नव्हतं, पण एक प्रत अजून घरात होती. त्या मुलीच्या मावशीने मागितली म्हणून तू निगेटिव्ह द्यायच्या आधीच काढली होतीस, आणि ती न्यायला येईपर्यंत पिठाच्या डब्यामागे ठेवली होतीस. बाबांना ते ठाऊक होतं. ‘एकच फोटो गो,’ ते म्हणाले. ‘लग्नाचीच बात हाय. दुकान गेलं तर परत गावाला जाऊन काय करू?’

तू कणीक मळत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, ‘तुमच्या भैनीचा असता तर दिला असता?’

त्या रात्री ते जेवले नाहीत. मला वाटलं आता सगळं संपलं, आता परत बोट, परत गाव. दुसऱ्या दिवशी सकाळी तू अबाया घातलास, मला तोंड धुवायला सांगितलंस आणि आपण सरळ त्या व्यापाऱ्याच्या घरी गेलो. त्याच्याकडे नाही, त्याच्या आईकडे. उंच गादीवर बसलेली, अंगठ्यांनी बोटं भरलेली बाई. तू तिच्या हाताला हात लावलास, बसलीस, कॉफीचा पेला घेतलास, आणि तुझ्या त्या पीठ-मीठ-बाळंतपणाच्या अरबीत सगळं सांगितलंस. शब्द सापडला नाही तिथे हात केलेस. शेवटी म्हणालीस, ‘आज त्या पोरीचा दाखवला, तर उद्या कोणी येऊन तुमच्या नातीचा मागंल. दाखवू का?’

बाईने पेला खाली ठेवला. मी तुझ्या अबायाचं टोक धरून बसले होते. मग तिने आतल्या बाजूला हाक मारली आणि तिचा मुलगा, दाढी पिकलेला, दाराशी येऊन उभा राहिला. ती त्याला जे बोलली ते सगळं मला कळलं नाही. कळलं त्यातलं थोडं सांगते: लाज, गाढव, आणि शेवटी, मला विचारता आलं नाही? तो मान खाली घालून ऐकत होता. जाताना तुझ्याकडे बघून त्याने सलाम करावा तसा कपाळाला हात लावला. आणि ती म्हातारी तुला म्हणाली, ‘गुरुवारी ये. माझ्या सुना आहेत, नाती आहेत. सगळ्यांचे काढ.’

ती स्वतः रुवैसला जाऊन मुलगी बघून आली. लग्न काही जमलं नाही, मुलगी तिच्या मामेभावाला दिली. पण तिथून ती टोपलीभर मासळी घेऊन आली आणि त्यातली अर्धी आपल्या घरी पाठवली. तू तिचं कालवण केलंस, ओलं खोबरं नव्हतं म्हणून सुकं घालून. त्या दिवशी बाबा पोटभर जेवले. जेवताना म्हणाले, ‘माज्यात एवढी हिंमत नसती झाली.’ तू त्यांच्या ताटात अजून एक तुकडी वाढलीस.

तू गावाला गेलीस, बाबांच्या आधी, आणि तिथेच मातीआड झालीस. मी इथेच नांदले, इथेच म्हातारी झाले. नवरा कारकून होता, चांगला होता. मुलांना आपली बोली समजते, नातवंडं इंग्रजीत उत्तर देतात. माझं दुखणं म्हणून सांगत नाही, बरी आहे मी. सकाळी खाली जाऊन भाजी आणते, दुपारी झोपते.

त्या शिक्षिकेला मी हे सगळं सांगितलं. बायका नव्हत्या का, याचं उत्तर म्हणून. तिने ऐकलं आणि दोन दिवसांनी फोन केला. गावातल्या घराघरांतून पेट्या उघडल्या गेल्या होत्या. घरच्या बायकांनी फोटो भिंतीवर लावायला कबूल केलं नाही, पण शाळेच्या आतल्या खोलीत, फक्त बायकांसाठी, जिने तिने आपला फोटो आपल्या हातात घेऊन बसायचं ठरलं. म्हणून मी परवा गेले. अम्मा, तू बघायला हवं होतंस. गालिच्यावर सगळ्या गोल बसल्या होत्या. मांडीवर चेहरे. कडा पिवळ्या झाल्यात, पण हारांचे मणी मोजता यावेत इतके स्वच्छ. जिचा फोटो व्यापाऱ्याला मिळाला नाही ती मुलगीही होती, आता पणजी झालेली, ऐकू कमी येतं. तिने मला तिचा फोटो दाखवला, मग माझी हनुवटी धरून चेहरा इकडे तिकडे फिरवून बघितला आणि म्हणाली, ‘तिच्यासारखी दिसत नाहीस.’ मग मला खजूर भरवला. दुपारच्या नमाजानंतर ज्या त्या आपला फोटो रुमालात गुंडाळून घरी घेऊन गेल्या. कोणी मोबाइल काढला नाही.

निघताना मी बाहेरच्या भिंतीपाशी थांबले. तिथे एक फोटो आहे, मी आधी बघितलाच नव्हता. ओहोटी लागलेली, पडाव चिखलात कलंडलेले, मागे मशिदीचा बुटका मिनार, आणि पुढे ओल्या वाळूत पावलांची एक रांग पाण्याकडे गेलेली. माणूस एकही नाही. सगळ्या प्रदर्शनात त्याच्यासमोरच लोक जास्त थांबत होते. शिक्षिकेने विचारलं, ‘हाही तुमच्या वडिलांचा ना?’ मी म्हणाले, ‘नाही, हा माझ्या आईने काढला.’ तिने लगेच खालची चिठ्ठी काढली आणि दुसरी लिहून लावली, मी समोर उभी असताना.

खरं सांगते, मला माहीत नाही. आपण दुसऱ्यांदा गेलो तेव्हा कॅमेरा सकाळभर तुमच्या दोघांच्या हातांत होता, तू घ्यायचीस, ते घ्यायचे, आणि मी किनाऱ्यावर शिंपले वेचत होते. तुझा असेल, त्यांचा असेल. मी तुझा सांगितला आणि मला जराही वाईट वाटलं नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तेव्हा बाबांच्या हाती पडायची भीती नाही.